सात किलोत बसणारी केबिन बॅग कोणती घ्यावी? (अमळनेर ते फ्रँकफर्ट)

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. मी अमळनेरची, दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले. पुढच्या महिन्यात लेकीकडे फ्रँकफर्टला चालले आहे, पहिल्यांदाच आणि एकटीच. मुंबईहून लुफ्तान्साचं तिकीट आहे. तिथून आम्ही तिघं चार दिवस इटलीला जाणार, ते तिकीट जावयांनी रायनएअरचं काढलंय. परतीचा प्रवास एमिरेट्सने, दुबईमार्गे.

मोठी बॅग विमानाच्या पोटात जाणार, तिची काळजी नाही. काळजी हातातल्या बॅगेची आहे, कारण तिच्यात ज्वारीचे बिबडे (आपले पातळ पापडासारखे) न्यायचे आहेत. मोठ्या बॅगेत टाकले तर तिथे पोचेपर्यंत चुरा होईल. लेकीने दोन वर्षांत बिबडा खाल्लेला नाही. उन्हाळ्यात गच्चीवर मी स्वतः घातलेत, ते तिला अखंडच मिळायला हवेत.

जळगावहून एक कडक कवचाची बॅग आणली. चिठ्ठीवर लिहिलंय ‘२० इंच, केबिन’. घरी शिवणाच्या टेपने मोजली तर चाकांसकट उंची ५७ सेंमी भरली, बाजूच्या मुठीसकट रुंदी ३७ आणि जाडी २४. रिकामी बॅग ३ किलो २०० ग्रॅम. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, सगळे हीच नेतात.’ जाऊबाई भरलेली बॅग बघून म्हणाल्या, ‘इतलं काय भरी ऱ्हायनी वं माय?’ आता ही परत करू का ठेवू? परत केली तर कोणती घेऊ? तिन्ही विमानांना चालेल अशी एकच बॅग असते का?

भुसावळ_जंक्शन
ताई, परत करा. पावती असेल तर उद्याच जा.

बॅगवाले २० इंच म्हणतात ते बहुतेक वेळा नुसत्या खोक्याचं माप असतं. २० इंच म्हणजे जेमतेम ५१ सेंमी. त्यात चाकं आणि वरची मूठ धरली की बॅग ५५ च्या पुढे जाते. विमानतळावरच्या मापाच्या सांगाड्यात मात्र चाकांसकट अख्खी बॅग उतरावी लागते.

मागच्या वर्षी मुलाकडे आयर्लंडला गेलो होतो, तेव्हा युरोपातल्या एका स्वस्त विमानसेवेच्या गेटवर माझी बॅग सांगाड्यात घालायला लावली. सगळी बॅग आत गेली, एक चाक राहिलं. दाबून पाहिलं, आडवी करून पाहिली. मागे रांग थांबलेली, आणि समोरची मुलगी मशीन पुढे करून उभी. तिकिटाला दिले त्याहून जास्त पैसे त्या एका चाकापायी भरले. तीस वर्षं रेल्वेत नोकरी केली, सामानाचे नियम मला नवे नाहीत. पण चाक मोजायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून ज्याला त्याला सांगत असतो.

पांझराकाठ
काकू, धुळ्याहून. मी कामासाठी वर्षातून चार-पाचदा जाते. आधी आकडे मांडते, मग बॅग आपोआप ठरेल.

लुफ्तान्सा: ५५ × ४० × २३ सेंमी, ८ किलो. एमिरेट्स: ५५ × ३८ × २२, ७ किलो. आपली इंडिगो: ५५ × ३५ × २५, ७ किलो. रायनएअरमध्ये जास्तीचे पैसे भरून ‘प्रायॉरिटी’ घेतली तर ५५ × ४० × २० आणि १० किलो. आता प्रत्येक बाजूचा सगळ्यात लहान आकडा उचला: ५५ × ३५ × २०. या मापाची बॅग या चारही ठिकाणी बसते. बाहेरच्या मापाने ती साधारण ३८ लिटरची भरते, आठवड्याच्या कपड्यांना पुरते. जावयांना मात्र आजच विचारा, प्रायॉरिटी घेतली आहे का. घेतली नसेल तर रायनएअरमध्ये फुकट जाते ती फक्त ४० × ३० × २० ची, सीटखाली मावणारी पिशवी. इटलीच्या चार दिवसांना तीही पुरेल. घडी होणारी कापडी घ्या, म्हणजे जाताना मोठ्या बॅगेत तळाला पडून राहील.

पण काकू, खरी अडचण वजनाची आहे. ७ किलोतले ३ किलो २०० रिकाम्या बॅगेनेच खाल्ले तर बिबड्यांना आणि औषधांना उरलं काय? ३ किलो ८०० ग्रॅम. बिनचाकांची कापडी बॅग एक किलोच्या आत मिळते. तुमच्या हाती दोन किलोंहून जास्त सुटतात. खांद्याला झेपत नसेल तर दोनच चाकांची मऊ बॅग घ्या. तिची चाकं अंगात बसवलेली असतात, चार फिरत्या चाकांसारखी खाली लोंबत नाहीत. साखळी (झिप) उघडून फुगवता येणारी बॅग घेऊच नका. घाईत ती साखळी उघडली जाते आणि २० ची जाडी २५ होते.

बिबडे कशात भरताय?

बोरीकाठ
स्टीलच्या डब्यात. २६ सेंमी रुंद आहे. आत्ता वजन केलं, रिकामा १ किलो १०० ग्रॅम!

पांझराकाठ
तो घरीच ठेवा. तेवढ्याच रुंदीचा प्लॅस्टिकचा घ्या, बिबड्यांमध्ये जुनं सुती कापड घाला आणि डबा बॅगेच्या पाठीला सपाट लावा.

रावेरकर
माप तपासायची आमच्या घरची रीत सांगतो. आमच्याकडे केळीची खोकी पडलेली असतात. त्यांचा पुठ्ठा कापून आतून बरोबर ५५ × ३५ × २० चं उघडं खोकं चिकटवायचं आणि भरलेली बॅग त्यात सोडायची. रिकामी सोडून उपयोग नाही, कापडी बॅगेचं पोट भरल्यावरच सुटतं. न दाबता गेली तर गेली. वजनाला हुकाचा काटा घ्या. नसेल तर माणसाच्या वजनकाट्यावर बॅग घेऊन उभं राहायचं, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करायची. त्यात थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून साडेसहा किलोवर थांबा.

खाण्याचं पण सांगतो, बहिणी. तूप, पेढे, दुधाचं काहीच युरोपात नेता येत नाही. भरताची वांगी आणि कढीपत्ताही नको. केळी मात्र चालतात, त्यांना तिथे कागद मागत नाहीत, पण तुमच्या बॅगेत त्यांचा लगदा होईल. काळा मसाला मोठ्या बॅगेत घट्ट बांधून द्या. तेलाचं लोणचंही तिकडेच, कारण हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वरची बाटली चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र मोठ्या बॅगेत टाकू नका. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून बंदी आहे. पॉवर बँकही मोठ्या बॅगेत नको, ती हातातच ठेवायची.

भुसावळ_जंक्शन
जळगावहून विमानाने मुंबई गाठणार असाल तर एक लक्षात असू द्या, इथे एटीआरची लहान विमानं येतात. डोक्यावरचे कप्पे बुटके असतात, कडक बॅग त्यात शिरत नाही.

बोरीकाठ
नाही दादा, मी रेल्वेने वांद्र्याला उतरणार, तिथून भाच्याची गाडी.

काल जळगावला जाऊन आले. दुकानदाराने कुरकुर केली, पण बॅग बदलून दिली. दोन चाकांची कापडी घेतली, रिकामी १ किलो ९०० ग्रॅम. टेप सोबत नेली होती, दुकानातच फरशीवर उभी करून चाकांपासून मुठीपर्यंत मोजली: ५४. रुंदी ३५, जाडी २०. बिनचाकांची हलकी होती हे खरं, पण माझा उजवा खांदा आखडलेला आहे, तो मला विमानतळावर साथ देणार नाही.

जावयांना फोन केला. प्रायॉरिटी घेतलेली नव्हती! त्यांनी फोनवर बोलता बोलताच माझ्या नावाने घेतली.

पुठ्ठ्याचं खोकंही केलं. केळीचं मिळालं नाही, किराणावाल्याकडून साबणाचं आणलं. भरलेली बॅग सरळ आत गेली. बिबडे, औषधं, शाल, कागदपत्रं आणि एक जोड कपडे मिळून ६ किलो ३०० ग्रॅम. दोनशे ग्रॅमची जागा शिल्लक आहे, त्यात कुरडया घालते.