योंगलचा तो अवाढव्य चिनी ज्ञानकोश नक्की गेला कुठे?

पानखाऊ: मिंग सम्राट योंगलने १४०३ मध्ये हुकूम सोडला की जगातलं सगळं ज्ञान एका जागी आणा, दोन हजारांवर विद्वान कामाला लावले आणि १४०८ पर्यंत ११,०९५ खंड तयार, तेही सगळे हाताने लिहिलेले! आज उरलेत जेमतेम ४०० आणि तेही जगभर विखुरलेले. १९०० मध्ये इंग्रजांनी जाळले म्हणतात, खरंय का?

शाईचा_डाग: अर्धवट खरंय. आधी हे बघा की गोष्ट दोन संचांची आहे. १५५७ मध्ये राजवाड्याला आग लागली, त्यातून मूळ संच कसाबसा वाचला, मग जियाजिंग सम्राट धसकला आणि १५६२ मध्ये नक्कल करायला घेतली, १०९ लेखनिक, दिवसाला माणशी तीन पानं, १५६७ ला काम संपलं. त्यानंतर मूळ संच जो गायब झाला तो झालाच. उरलेत ते नकलेतले खंड.

जुनाट: आणि नक्कल काय एका रात्रीत गेली नाही हो. ती पुढे बीजिंगच्या हानलिन अकादमीत (दरबारी विद्वानांची संस्था) होती आणि तिथल्या चिनी अधिकाऱ्यांनीच हळूहळू चोरून नेली. युक्ती अशी सांगतात की सकाळी येताना जाड कापसाचं जाकीट गाठोड्यात बांधून आणायचं, संध्याकाळी जाकीट अंगात आणि गाठोड्यात दोन खंड, पहारेकऱ्याला गाठोडं सकाळएवढंच दिसणार 😄 १८७५ ला पाच हजारही नव्हते, १८९४ ला आठशेच्या आसपास. १९०० च्या जूनमध्ये परदेशी लोकांविरुद्धच्या बॉक्सर बंडात वकिलातींना वेढा पडला तेव्हा ब्रिटिश वकिलातीला लागून असलेली अकादमी पेटली (कुणी पेटवली यावर अजून भांडणं चालू आहेत), पण तोवर घर आतूनच पोखरलं गेलं होतं. आगीत वाचलेले काही खंड मग परदेशी लोकांनी उचलले ते वेगळंच.

शाईचा_डाग: त्यातल्या त्यात बरं म्हणजे अठराव्या शतकात छिंग (मिंगनंतरचं राजघराणं) काळातल्या विद्वानांनी यातून शेकडो हरवलेली पुस्तकं उतरवून काढली, 'पाच राजवंशांचा जुना इतिहास' हा ग्रंथ तर मुख्यतः यातूनच परत जोडला.

पानखाऊ: बापरे. मग मूळ संच जियाजिंगच्या थडग्यात पुरलाय म्हणतात ते?

जुनाट: नुसता तर्क आहे. आणि थडगं उघडतंय कोण? १९५६ मध्ये त्याच्या नातवाचं, वानलीचं थडगं खणलं तर आतलं रेशीम बाहेर आल्यावर खराब झालं, त्यानंतर सम्राटांच्या थडग्यांना हात लावायचा नाही असंच धोरण आहे.