सल्ला हवा: प्रेसशॉपमधल्या ट्रेनिंगसाठी व्हीआर हेडसेट कोणता घ्यावा?

भोसरीचा_प्रेसवाला: मंडळी, छोटा प्रेसशॉप आहे, पत्रा दाबून कापणारे-वाकवणारे, १०० टनांपर्यंत जोराचे पॉवर प्रेस. कॉन्ट्रॅक्टची पोरं सारखी बदलतात. नव्या माणसाला थेट मशिनवर उभं करायची भीती वाटते, म्हणून आधी व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी मशिनवर, सराव द्यावा म्हणतो. बजेट ३० हजार, ताणून ३५.

गॅजेटगुरू_ठाणे: डोळे झाकून मेटा क्वेस्ट ३. मी त्यावर टेबल टेनिस खेळतो, एक नंबर! बजेट वाढवा थोडं, रोज रोज घेतो का आपण?

चाकणकर७१: टेबल टेनिसचा इथे काय संबंध? साहेब, प्रेसवर लाईट कर्टन आहेत का, हात किरणांत आला की प्रेस थांबवणारे?

भोसरीचा_प्रेसवाला: दोन न्युमॅटिक क्लचवाल्यांवर (हवेच्या दाबाचे, मधेच थांबवता येतात) आहेत. बाकी जुने की क्लचचे, त्यांना दोन्ही हातांनी दाबायची बटणं.

चाकणकर७१: की क्लचला कर्टन लावून फायदा नाही, सुटलेला स्ट्रोक, म्हणजे वरून येणारा घाव, मधे थांबतच नाही. पण बटणं तपासा. पीसवर पैसे असले की पोरं एक बटण चिंधीनं बांधून ठेवतात. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक सुटेल असा सेफ्टी रिले मिळतो. आधी तो बसवा.

काटकसरे_काका: एवढा खर्च कशाला? पुठ्ठ्याचा डबा घ्या, आत मोबाईल सरकवा. नातवाला घेतलाय, मजेत बघतो.

सेफ्टीवाली_कोल्हापूर: काका, त्यात मान वळवली की चित्र फिरतं, बस. हात दिसतच नाही, आणि इथे सगळा प्रश्न हाताचाच आहे.
धागाकर्ते, हेडसेट स्वस्त पडतो, आतला प्रोग्रॅम महाग. आमच्याकडे व्हेंडरनं आणलेल्या प्रोग्रॅममधला प्रेस भलताच, बोलणं सगळं इंग्रजी. पोरांनी मजा केली, शिकलं कुणी नाही. जे खऱ्या मशिनवर दाखवता येत नाही तेवढंच व्हीआरमध्ये घ्या. उदा. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील (जड चाक) फिरत राहतं, तेवढ्यात पॅडलवर पाय पडला की रॅम (वरचा दाबणारा भाग) खाली. डाय (साचा) सेट करणाऱ्यांना हे दाखवाच. पोरांना खुर्चीत बसवून दाखवा, दहा-पंधरा मिनिटंच, काहींना गरगरतं.

गॅजेटगुरू_ठाणे: मला तरी क्वेस्ट ३ वर गरगरत नाही. म्हणून म्हणतोय, क्वेस्ट ३.

नियमावर_बोट: जुन्या फॅक्टरी ॲक्टमध्येही (१९४८, कलम २१) हेच होतं. गार्ड लावायची जबाबदारी मालकाची. पोरांना चष्मे घालून ती टळत नाही.

भोसरीचा_प्रेसवाला: टाळतोय कुठे? सर्वांचे आभार. एका ओळखीच्याकडून जुना क्वेस्ट २ उचलला. भाचा ३६० अंशाच्या कॅमेऱ्यानं आमच्याच प्रेसवरचं डाय सेटिंग शूट करणार, बोलणं मराठी-हिंदीत. त्यात हात घालून बघता येणार नाही हे माहीत आहे, पण मशिन तरी आपलं दिसेल. रिलेचं पुढच्या महिन्यात बघतो.

चाकणकर७१: पुढच्या महिन्यात?? धन्य आहात.

काटकसरे_काका: जुना केवढ्याला पडला? अजून एखादा असेल तर कळवा.