इंदुरातल्या मध्यम आकाराच्या प्रयोगशाळेने माल्डी-टॉफ घ्यावे का? अनुभवी लोकांचा सल्ला हवा आहे

अगारप्लेट, इंदूर

नमस्कार. मी इंदुरातील एका खासगी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करते. आमच्याकडे शहराखेरीज देवास, धार, खरगोन, झाबुआ इकडून पाठवलेले रुग्ण मोठ्या संख्येने येतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी येण्याआधीच कुठेतरी अँटिबायोटिक घेतलेले असते. ब्लड कल्चरसाठी (रक्तातील जंतू बाटलीत वाढवण्यासाठी) आमच्याकडे स्वयंचलित यंत्र आहे. जिवाणूची ओळख आणि सेन्सिटिव्हिटी (त्यावर कोणते औषध चालते) या दोन्हींसाठी कार्डांवर चालणारी यंत्रणा आहे. बाटली पॉझिटिव्ह झाली, म्हणजे तिच्यात जंतू वाढले, की ग्राम स्टेनचा (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा) निकाल आम्ही लगेच फोनवर कळवतो, पण जिवाणूचे नाव कळण्यासाठी आधी दुसऱ्या दिवशीच्या कॉलनीची (प्लेटवर वाढलेल्या जिवाणूंच्या पुंजक्याची) आणि मग कार्डाची वाट पाहावी लागते. तोवर अतिदक्षता विभागातील रुग्णाची औषधे अंदाजानेच चालू राहतात, आणि हेच मला फार खटकते.

आता व्यवस्थापनाने माल्डी-टॉफ (प्रथिनांच्या वजनावरून जिवाणू ओळखणारे यंत्र) घेण्याची तयारी दाखवून माझ्याकडे लेखी शिफारस मागितली आहे. विक्रेत्यांकडून "काही मिनिटांत ओळख" याखेरीज फारसे काही ऐकायला मिळत नाही. हे यंत्र रोज वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे की त्याने रुग्णाच्या उपचारात खरोखर फरक पडतो का, कोणत्या जिवाणूंच्या बाबतीत ते फसते, आणि आमच्यासारख्या प्रयोगशाळेने ते घ्यावे की शुद्ध कल्चर बाहेर पाठवावे.

बडोदेकर

मॅडम, बडोद्यात आमच्या विभागात हे यंत्र बरीच वर्षे रोजच्या कामात आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

व्यवस्थापनाला समजावताना तत्त्व साधेच सांगावे. कॉलनीचा पातळ थर धातूच्या प्लेटवरील ठिपक्यावर लावून त्यावर मॅट्रिक्सचा (लेसरची ऊर्जा शोषणाऱ्या रसायनाचा) थेंब सुकवतात; लेसरच्या माऱ्याने जिवाणूची प्रथिने विद्युतभारित होऊन निर्वात नळीतून धावतात, हलकी आधी आणि जड मागाहून पोहोचतात, आणि त्या वेळांवरून २,००० ते २०,००० डाल्टनच्या पट्ट्यात जो आलेख तयार होतो तो साठवलेल्या आलेखांशी ताडून पाहिला जातो. यातली बहुतेक प्रथिने रायबोसोमची (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या कणांची) असतात. ती पेशीत मुबलक असतात आणि वाढीच्या परिस्थितीनुसार फारशी बदलत नाहीत, म्हणूनच ही ओळख भरवशाची ठरते. अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये अशा दोन यंत्रणांना मान्यता दिली, म्हणजे तंत्र नवखे राहिलेले नाही. यंत्र महाग आहे हे खरे, परंतु दर नमुन्यामागे लागणारा माल अगदी थोडा असतो.

मर्यादा मात्र शिफारसपत्रात ठळकपणे लिहाव्यात. ई. कोलाय आणि शिगेला यांत ते खात्रीने फरक करू शकत नाही. साल्मोनेला हे नाव देते, पण टायफी की पॅराटायफी ए हे सांगत नाही. आपल्याकडे विषमज्वराचे प्रमाण पाहता त्यांच्यात फरक करणारा अँटिसेरा (प्रतिद्रव्ये) फ्रिजमध्ये असलाच पाहिजे. न्यूमोकॉकस आणि मायटिस गटातील स्ट्रेप्टोकॉकस यांची गल्लत होऊ शकते, म्हणून ऑप्टोचिन आणि बाइल सोल्युबिलिटी या चाचण्या सोडू नयेत. मिश्र वाढ असेल तर यंत्र बहुधा एकच नाव देते आणि दुसऱ्याचा सुगावाही लागू देत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सेन्सिटिव्हिटी रोजच्या वापरात यातून मिळत नाही. तुमची कार्डे किंवा औषधाच्या डिस्क पूर्वीसारखीच चालू ठेवावी लागतील. केवळ हे यंत्र आणून रिपोर्टची वेळ निम्मी होईल असे आश्वासन देऊ नये. नाव सकाळी कळले आणि ते संध्याकाळपर्यंत संगणकात पडून राहिले, तर रुग्णाच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते.

काडी_आणि_कॉलनी, बडोदे

मी तंत्रज्ञ आहे, म्हणून हाताच्या कामाबद्दल लिहिते. ओळख चुकते किंवा येत नाही, तेव्हा दोष बहुतेक वेळा लेपात असतो. लाकडी टूथपिकने कॉलनीला फक्त स्पर्श करून ठिपक्यावर इतका पातळ थर ओढावा की खालचा धातू दिसत राहिला पाहिजे. नवे कर्मचारी हमखास जास्त माल घेतात आणि जाड लेपातून आलेख चांगला मिळत नाही. लेप सुकल्यावर १ मायक्रोलिटर मॅट्रिक्स लगेच टाकावे, उघडा ठेवू नये. यीस्ट आणि काही ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूंसाठी त्याआधी ७० टक्के फॉर्मिक आम्लाचा थेंब द्यावा. चिकट क्लेब्सिएलाची कॉलनी काडीबरोबर तार काढत वर येते. ती तशीच लावली तर गुणांक (साठवलेल्या आलेखाशी जुळणीचा आकडा) घसरतो, म्हणून तिच्यासाठी इथेनॉल आणि फॉर्मिक आम्लाची नळीतली प्रक्रिया करावी.

आमच्या यंत्रावर २.०० किंवा त्याहून अधिक गुण आले तरच आम्ही प्रजातीचे नाव देतो, १.७० ते १.९९ असतील तर केवळ वंश, आणि त्याखाली काहीच नाही. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात हा हिशेब टक्केवारीत येतो. गुणांक कमी आला की तोच ठिपका पुनःपुन्हा चालवण्यापेक्षा ताज्या कॉलनीचा नवा लेप लावणे कधीही चांगले.

खोलीबद्दल एक सूचना आहे. वातानुकूलन अखंड हवे, धूळ नको आणि यूपीएस हवाच, कारण वीज जाऊन निर्वात बिघडला की तो पूर्ववत व्हायला वेळ लागतो आणि तेवढा काळ सगळे काम खोळंबते.

रामबाग_इंदूर

मी इंदुरातच संसर्गजन्य रोगांचे रुग्ण पाहतो, त्यामुळे बाजू रुग्णशय्येजवळची आहे. नाव लवकर कळल्याने माझे निर्णय निश्चितच बदलतात. ग्राम-पॉझिटिव्ह कॉकस म्हणून फोन येतो तेव्हा तो त्वचेवरचा सामान्य जंतू आहे की स्टॅफिलोकॉकस ऑरियस, यावर औषध थांबवायचे की हृदयाच्या झडपांची तपासणी करायची हे ठरते. कॅन्डिडा ऑरिस (रुग्णालयात पसरणारे एक यीस्ट) हे नाव त्याच दिवशी मिळाले तर रुग्णाला वेगळे ठेवता येते. जुन्या जैवरासायनिक यंत्रणा त्याला कॅन्डिडा हेम्युलोनी म्हणत असत.

एका जिवाणूबद्दल मात्र मी तुम्हाला आग्रहाने सांगेन, आणि तो म्हणजे बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय. त्याच्यामुळे होणाऱ्या मेलिऑयडोसिसचे रुग्ण मध्य प्रदेशातही नोंदवले गेले आहेत. ज्या यंत्राच्या संग्रहात या जिवाणूचे पुरेसे आलेख नसतात ते त्याला बर्कहोल्डेरिया थायलंडेन्सिस म्हणू शकते, आणि अनेक प्रयोगशाळांतून तो नुसता "स्यूडोमोनास स्पीशीज" म्हणून बाहेर पडतो. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला दाद न देणारा, पण अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेटला संवेदनशील असा ग्राम-निगेटिव्ह जिवाणू मधुमेही रुग्णाच्या रक्तात किंवा गळवात सापडला, तर यंत्र काहीही म्हणो, मला फोन यायला हवा. आधी सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम आणि पुढे निदान तीन महिने कोट्रायमॉक्साझोल, असा हा दीर्घ उपचार आहे; नाव चुकले तर रुग्ण आठवड्याभरात बरा समजून घरी जातो आणि आजार उलटतो.

अगारप्लेट, इंदूर

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे गुरांच्या संपर्कातले रुग्णही येतात, म्हणून ब्रुसेलाबद्दल (गुरांपासून माणसाला लागणाऱ्या जिवाणूबद्दल) विचारते. तसेच पॉझिटिव्ह बाटलीपासून ओळखीपर्यंतचा वेळ प्रत्यक्षात कसा कमी करावा?

बडोदेकर

ब्रुसेलाचा प्रश्न सुरक्षेचा आहे. अनेक यंत्रांच्या नेहमीच्या संग्रहात ब्रुसेला नसतो आणि मग ऑक्रोबॅक्ट्रम असे दुसऱ्याच जवळच्या जिवाणूचे नाव येऊ शकते. सावकाश वाढणारे, बारीक ग्राम-निगेटिव्ह कोकोबॅसिलाय (आखूड दांड्यांसारखे जिवाणू) दिसले आणि युरिएज पॉझिटिव्ह आले, की प्लेट उघड्या टेबलावर हाताळू नये; काम जैवसुरक्षा कपाटात करावे आणि थेट लेप न लावता नळीतल्या प्रक्रियेने जिवाणू निष्क्रिय करूनच प्लेटवर घ्यावा. खरेदीपूर्वी कंपनीला संग्रहात ब्रुसेला आणि बर्कहोल्डेरिया आहेत का, आणि पुढील अद्यतने सेवा-करारात येतात की वेगळी विकत घ्यावी लागतात, हे लेखी विचारावे.

वेळेबद्दल माझा अनुभव असा आहे की बाटलीतला थेंब चॉकलेट अगारवर (जंतू वाढवण्याच्या प्लेटवर) टाकून ४ ते ६ तासांनी जो पुसटसा थर येतो, तो खरवडून लावला तर ग्राम-निगेटिव्हची ओळख बहुधा त्याच दिवशी होते. ग्राम-पॉझिटिव्हला थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. त्याच वेळी बाटलीतले १२५ मायक्रोलिटर रक्त थेट म्युलर-हिंटन प्लेटवर पसरून डिस्क लावाव्यात आणि युकास्ट या युरोपीय समितीच्या जलद सेन्सिटिव्हिटी पद्धतीनुसार ४, ६ आणि ८ तासांनी वाचाव्यात. या पद्धतीचे निकष जिवाणूगणिक वेगळे असल्याने नाव माहीत असल्याशिवाय ते लावताच येत नाहीत, आणि माल्डीची खरी किंमत मला तिथेच वसूल झालेली दिसते.

यासाठी दुपारी किंवा रात्री थर खरवडायला आणि फोन करायला माणूस लागतो. म्हणून माझी शिफारस अशी की आधी महिनाभर तुमच्या बाटल्या कोणत्या वेळी पॉझिटिव्ह होतात ते टिपून घ्यावे. बहुतेक संध्याकाळनंतर होत असतील आणि रात्रपाळीला तंत्रज्ञ मिळणार नसेल, तर यंत्र आत्ता घेऊ नये. अवघड जिवाणूंचे शुद्ध कल्चर तिहेरी वेष्टनात संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवावे आणि व्यवस्थापनाकडून आधी ते पद मंजूर करून घ्यावे. पद मिळत असेल तर निःशंक घ्यावे. पडताळणीसाठी सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेचे एम५८ हे मार्गदर्शक पाहावे. एनएबीएलच्या (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) तपासणीतही त्या नोंदी उपयोगी पडतात.

अगारप्लेट, इंदूर

पॉझिटिव्ह बाटल्यांच्या वेळा आमच्या यंत्रात नोंदलेल्या आहेतच. मागच्या काही महिन्यांच्या काढून शिफारसपत्राला जोडते आणि रात्रपाळीचे पद ही पहिली अट म्हणून लिहिते. कंपनीचे प्रात्यक्षिक ठरत आहे, त्यात काय तपासावे?

काडी_आणि_कॉलनी, बडोदे

कंपनीने आणलेले स्ट्रेन बाजूला ठेवून तुमच्या फ्रीझरमधले द्यावेत, ज्यांची ओळख तुम्ही अन्य मार्गाने पक्की केलेली आहे: चिकट क्लेब्सिएला, न्यूमोकॉकस आणि त्याच्या जोडीला मायटिस, यीस्ट, आणि मॅकॉन्की अगारवरची दोन दिवसांची जुनी कॉलनी. लेप कंपनीच्या माणसाने न लावता तुमच्या सर्वांत नव्या तंत्रज्ञाने लावावा आणि प्रत्येक स्ट्रेन दोन ठिपक्यांवर घ्यावा.