गच्चीवरचं अंजीर पावसाआधी पिकवायचं कसं?

मुलुंडची गच्ची
नमस्कार मंडळी. पुणे जातीच्या अंजिराचं गुटी कलम (झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप), तिसरं वर्ष. सोसायटीच्या गच्चीवर 60 लिटरच्या निळ्या ड्रमात आहे, ऊन सकाळी आठपासून चारपर्यंत मिळतं. छाटणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झाली. आता एप्रिलचा तिसरा आठवडा. झाडावर चाळीसेक फळं आहेत. खालची पंधरा-सोळा साधारण 3 सेंमी जाडीची, टणक, हिरवीगार, आणि गेले तीन आठवडे त्यांचा आकार तसूभर हललेला नाही. वरची बारीक आहेत, काही तर 1 सेंमीचीही नाहीत. पाऊस लागला की सगळं आंबून जातं, म्हणून मेअखेर काढणी व्हायला हवी. खत वाढवू का? कोणी म्हणतं फळाला तेल लावा, कोणी म्हणतं जवळ उंबर नाही म्हणून परागीभवन होत नाही. खरं काय?

पुरंदरपट्टा
आधी उंबराचं बाजूला ठेवा. प्रत्येक जातीच्या उंबरवर्गीय झाडाची गांधीलमाशी वेगळी असते. उंबरातली माशी अंजिराच्या कामाची नाही. आणि पुणे अंजिराला माशी लागतच नाही, ते परागीभवनाशिवाय पिकतं. स्मर्ना प्रकारच्या अंजिराला माशी लागते, पण ती फळं माशी नसेल तर लहान असतानाच पिवळी पडून गळतात. तुमची 3 सेंमीपर्यंत येऊन घट्ट बसली आहेत, म्हणजे तो आजार नाही. (सुक्या अंजिराच्या बियांपासून झाड केलं असतं तर मात्र हा प्रश्न पहिला विचारला असता.)

फळ अडकलेलंही नाही. अंजीर तीन टप्प्यांत वाढतं. पहिले पाच-सहा आठवडे झपाट्याने फुगतं. मग महिना-सव्वा महिना बाहेरून काहीच हालचाल दिसत नाही, पण आत बी भरत असतं. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत एकदम आकार वाढतो, रंग चढतो, साखर उतरते. तुमची खालची फळं मधल्या टप्प्याच्या शेवटाकडे आहेत. या वेळी घाबरून नत्र दिलं की झाड पानं आणि शेंडे काढत बसतं आणि फळं आणखी मागे पडतात. युरिया, शेणाचं पाणी, 19-19-19 हे मिश्रखत, सगळं आजपासून बंद.

आता हिशोब करा. फळ दिसायला लागल्यापासून पिकेपर्यंत मुंबईच्या उन्हात धरून 90 ते 110 दिवस. जी फळं आज 1 सेंमीची आहेत ती जुलैत पिकतील, म्हणजे पिकणारच नाहीत. 2 सेंमीच्या खालची सगळी खुडून टाका. खालची पंधरा-सोळा आणि त्यांच्या वरची सहा-सात एवढी 60 लिटरच्या ड्रमाला पुष्कळ झाली. त्याच दिवशी प्रत्येक वाढत्या फांदीचा शेंडाही खुडा, नुसता टोकाचा कोंब, दोन बोटं. पानं काढू नका. फळ ज्या पानाच्या बगलेत असतं ते पान त्याच फळाला साखर पुरवतं. "ऊन लागावं" म्हणून पानं ओरबाडली तर फळ लाल होईल पण फिकं लागेल.

हातमोजे घाला. अंजिराच्या चिकात सोरॅलेन असतं. चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की दुसऱ्या दिवशी फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने राहतात. संध्याकाळी काम केलेलं बरं.

कुंडीतला माणूस
तेलाचं खरं आहे, आणि जुनं आहे. भूमध्य समुद्राकाठी ऑलिव्ह तेल लावतात. फळाच्या डोळ्याला तेल लागलं की आत इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, तयार व्हायला सुरुवात होते आणि शेवटचा टप्पा दोन-तीन आठवड्यांऐवजी आठवड्याभरात उरकतो. फक्त वेळ चुकली की फळ वाया.

वेळ अशी ओळखा. डोळा म्हणजे देठाच्या विरुद्ध टोकाचं बारीक छिद्र. कच्च्या फळात ते हिरवं आणि गच्च मिटलेलं असतं. त्याच्या कडेला गुलाबी-तांबूस छटा आली, खवले जरा सैल दिसू लागले, सालीचा हिरवा रंग किंचित मंद झाला, की फळ तयार. खात्री हवी तर एक फळ बळी द्या: आडवं कापा. आतला गर पांढराफट्ट आणि पोकळी कोरडी असेल तर दहा दिवस थांबा. गरावर गुलाबी छटा दिसली तर त्याच फांदीवरच्या त्याच्या खालच्या फळांना बिनधास्त तेल लावा, कारण अंजीर नेहमी फांदीच्या बुडापासून शेंड्याकडे पिकत जातं.

कान साफ करायची कापसाची काडी तेलात बुडवून वाटीच्या कडेला निपटायची आणि फक्त डोळ्यावर टेकवायची. ओघळ नको. अख्ख्या सालीला तेल चोपडलं तर फळाचा श्वास कोंडतो आणि उन्हात साल करपते. एका वेळी एका फांदीवर खालची दोनच फळं. त्यांच्या देठाजवळ रंगीत दोरा बांधा, नाहीतर कोणाला लावलं ते चार दिवसांनी कोणालाच आठवत नाही. ती दोन मऊ पडली की पुढची दोन. सगळ्यांना एकदम लावलं तर एकाच आठवड्यात पंधरा फळांना पाणी आणि साखर पुरवायची वेळ ड्रमातल्या मुळांवर येते, आणि निम्मी पाणचट निघतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी फळ फुगलेलं दिसेल, सहा ते आठ दिवसांत मऊ पडून देठाशी वाकेल, म्हणजे मान टाकेल. आठ दिवसांत काहीच झालं नाही तर तेल लवकर लागलं असं समजा. पुन्हा लावू नका.

गृहिणी_बोरिवली
तेल कोणतं? घरी खोबरेल आणि शेंगदाण्याचं आहे. ऑलिव्ह एवढ्यासाठी आणायचं का?

कुंडीतला माणूस
शेंगदाणा चालेल, करडई किंवा तीळही. खोबरेल नको. तेलातल्या अनसॅच्युरेटेड फॅटी ॲसिडमुळे हे काम होतं आणि खोबरेलात ती फार थोडी. फोडणीतलं उरलेलं, जळकं तेल लावू नका, मुंग्या धावतात.

चाळकरी७२
एवढा खटाटोप कशाला? बाजारात आंब्याला करतात तशी फळं उतरवून कार्बाइडची पुडी ठेवली की दोन दिवसांत पिवळी. नाहीतर इथ्रेल फवारा.

पुरंदरपट्टा
कार्बाइडने फळं पिकवायला 2011च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे, आंब्यालाही. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. ते सोडलं तरी उपयोग शून्य: अंजीर अढीत पिकत नाही. कच्चं तोडलेलं अंजीर मऊ पडेल, रंगही थोडा बदलेल, पण साखर झाडावर असतानाच भरते. म्हणून तर पुरंदरची अंजिरं पहाटे तोडून त्याच दिवशी वाशीला पाठवायची घाई असते.

इथ्रेलमधूनही इथिलीनच सुटतं, पण फवारा टप्पा ओळखत नाही. तयार फळाबरोबर अर्धवट फळं आणि पानंही गळतात. वीस फळांसाठी कापसाची काडी पुरते.

माती-पाणी-ऊन
पाण्याबद्दल कोणी बोललं नाही, आणि मुंबईच्या गच्चीवर खरी फजिती तिथेच होते. निळा ड्रम थेट स्लॅबवर असेल तर मे महिन्यात दुपारी मुळं अक्षरशः शिजतात. ड्रम चार विटांवर उचला, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा, वर 5 सेंमी पाला किंवा नारळाच्या शेंड्या पसरा. पाणी रोज सकाळी चार-पाच लिटर. तळाच्या भोकातून थोडं बाहेर आलं की बस.

फळ फुगायला लागलं की पाणी थोडं कमी करा, साधारण चौथा भाग, पण एकसारखं ठेवा. दोन दिवस कोरडं ठेवून तिसऱ्या दिवशी बादली ओतली की फळ डोळ्यापासून तडकतं. आधीच्या टप्प्यात माती पूर्ण सुकली तर फळगळ होते. दोन्ही टोकं वाईट.

पालाश द्यायचा असेल तर 0-0-50 म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, 10 ग्रॅम 5 लिटर पाण्यात, ओल्या मातीवर. बारा दिवसांनी आणखी एकदा, बस. लाल पोटॅश कुंडीत नको, त्यातलं क्लोराइड साचून पानांच्या कडा जळतात.

मुलुंडची गच्ची
सगळ्यांचे आभार. आज एक फळ कापून पाहिलं. गर पांढरा, पण डोळ्याच्या आतल्या बाजूला अगदी फिकट गुलाबी. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात तेल, बरोबर ना? आणि वळवाचा पाऊस आला तर?

कुंडीतला माणूस
बरोबर. तारीख धरून बसू नका, डोळे बघत राहा.

गच्ची-नर्सरी
पावसाच्या भरवशावर राहू नका. मुंबईत मॉन्सूनची नेहमीची तारीख 11 जून, पण 2025 मध्ये तो 26 मेलाच येऊन बसला. 20 मेपर्यंत शेवटचं फळ उतरेल असंच नियोजन ठेवा.

झाकायचं असेल तर 200 मायक्रॉनचं पारदर्शक प्लॅस्टिक, चार बांबूंवर, शेंड्यापासून किमान दीड फूट वर आणि उतरतं. चारी बाजू उघड्या. बाजूंनीही झाकलं तर आत दमट भट्टी होते आणि फळांवर बुरशी चढते. वळवाचा वारा प्लॅस्टिक उडवतो, तेव्हा बांबू कठड्याला बांधा, गच्चीवरच्या पाण्याच्या पाइपला नको, सोसायटीची बोलणी खावी लागतात.

पहिल्या सरीनंतर पानाच्या मागे पिवळसर-तपकिरी भुकटी दिसली तर तो तांबेरा. काढणीच्या तोंडावर बुरशीनाशक फवारू नका. तेवढी पानं तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही.

पक्षी! फळाने मान टाकली की बुलबुल आणि खारी दिवसा, वटवाघळं रात्री. ऑरगंझाच्या जाळीदार पिशव्या घाला. क्रॉफर्ड मार्केटात लग्नाच्या सामानाच्या दुकानांत डझनावारी मिळतात. पिशवीची नाडी फांदीला बांधा, फळाच्या देठाला नाही, नाहीतर फुगताना देठ कापला जातो. प्लॅस्टिकची पिशवी कधीच नको, आत घाम सुटून फळ आंबतं.

पुरंदरपट्टा
आता मुळातली गोष्ट. मोसम छोटा आहे तो तुमच्या जानेवारीच्या छाटणीमुळे. मुंबईची थंडी ती काय, अंजिराची वाढ थांबतच नाही. ऑक्टोबरपासून मेपर्यंत आठ कोरडे महिने हातात असतात, त्यातले तीन तुम्ही सोडून दिले. तेल ही यंदापुरती तडजोड. तेलावर पिकलेलं फळ स्वतःच्या वेळेने पिकलेल्यापेक्षा थोडं कमीच गोड लागतं.

पुढच्या वर्षी मीठा बहार, म्हणजे पावसाळा संपताना छाटून उन्हाळ्यात येणारं पीक, वेळेवर धरा. मॉन्सून मुंबईतून साधारण 8 ऑक्टोबरच्या सुमारास परततो. त्याच्या तीन आठवडे आधी ड्रमच्या तोंडावर खोडाभोवती प्लॅस्टिक बांधून पावसाचं पाणी तोडा आणि झाडाला ताण द्या. पानं पिवळी पडून गळू लागली की ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटणी: गेल्या वर्षीच्या फांदीवर तीन-चार डोळे (फळाचे नव्हे, कोंब फुटायच्या जागा) ठेवून वरचं कापा. पेन्सिलीपेक्षा बारीक आणि आत वळलेल्या फांद्या मुळापासून काढा. कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप). खोडाला भोक आणि बुडाशी लाकडाचा भुसा दिसला तर खोडकिडा आहे. तारेने अळी बाहेर ओढा आणि भोक चिखलाने बुजवा.

मग वरची 7-8 सेंमी माती काढून तिथे चार किलो कुजलेलं शेणखत आणि 200 ग्रॅम निंबोळी पेंड, आणि पोटभर पाणी. दोन-तीन आठवड्यांत फूट येते. नव्या फांदीवर सहा-सात पानं झाली की शेंडा खुडा. फळं नव्या फांदीच्या पानांच्या बगलेतच येतात, आणि शेंडा खुडला की तिकडे जोर जातो. फेब्रुवारीअखेर काढणी सुरू होते आणि एप्रिलमध्ये झाड रिकामं.

गृहिणी_बोरिवली
तोडायचं नेमकं कधी ते सांगा ना. माझ्याकडची वरून जांभळी दिसतात पण आतून चिकट निघतात.

माती-पाणी-ऊन
रंगावर जाऊ नका. मान वाकलेली हवी, बोटाने दाबलं तर साल दबली पाहिजे, डोळ्यात मधासारखा थेंब दिसला तर उत्तम. तोडल्यावर देठातून पांढरा चीक गळला तर दोन दिवस घाई झाली. सकाळी लवकर, देठासकट तोडा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, त्यापलीकडे नाही.

तडकलेलं फळ त्याच दिवशी खायला हरकत नाही. पण फेस आला असेल, आंबूस वास येत असेल किंवा आत मुंग्या-भुंगेरे शिरले असतील तर पिशवीत बांधून गच्चीवरून खाली न्या. ड्रमाजवळ पडून राहिलं तर भुंगेरे तिथेच वाढतात आणि बाकीच्या फळांच्या डोळ्यांतून आत जातात.