आयसीजी कॅमेऱ्याची दर महिन्याला चाचणी हवी की नको?

बायोमेडिकल_इंजिनिअर
आतडं जोडताना टोकाला रक्तपुरवठा आहे ना, हे पाहायला आता बऱ्याच थिएटरांत आयसीजी म्हणजे इंडोसायनिन ग्रीन देतात. शिरेतून औषध द्यायचं, 800 नॅनोमीटरच्या आसपासचा इन्फ्रारेड प्रकाश टाकायचा आणि औषधाची चमक कॅमेऱ्याने टिपायची. स्क्रीनवर हिरवं दिसलं की जोडायचं. पण ते हिरवं कितपत खरं, हे तपासतं कोण? एक्स-रे मशीनची गुणवत्ता चाचणी एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमांनी बंधनकारक आहे. इथे क्ष-किरण नाहीत, म्हणून कुणी विचारतच नाही. माझ्या मते दर महिन्याला फँटमवर, म्हणजे शरीराच्या जागी वापरायच्या चाचणी-नमुन्यावर, चाचणी व्हायलाच हवी. पॉलियुरेथेनचा ठोकळा, प्रकाश विखुरायला टायटॅनियम डायऑक्साइड, शोषायला काळं रंगद्रव्य आणि खळग्यांत कमीजास्त चमकणारं द्रव्य. सगळ्यात फिका खळगा दिसतो का, कडेला उजेड किती पडतो, एवढं नोंदवलं तरी पुष्कळ.

लॅप_सर्जन
अजिबात पटलं नाही. अमेरिकेत आयसीजीला 1959 मध्ये मान्यता मिळाली, हे काही कालचं औषध नाही. मला आकडा नको असतो. शेजारचं चांगलं आतडं समोरच असतं, त्याच्याशी ताडून पाहतो. ठोकळ्यात रक्त वाहत नाही. रुग्णाचं बीपी, डोस, चरबीचा थर यांचं काय करणार? औषध फार घट्ट झालं तर चमक उलट कमी होते, ते कुठला फँटम सांगणार?

बायोमेडिकल_इंजिनिअर
सर, चांगलं आतडं स्क्रीनच्या मध्यभागी आणि संशयाचं टोक कडेला असेल तर? कडेला प्रकाश मुळातच कमी. टोक फिकं दिसणार आणि धडधाकट आतडं कापलं जाणार. ऑटो गेनचंही, म्हणजे कॅमेरा चित्र आपोआप उजळ करतो त्याचंही, तेच. टेलिस्कोप (पोटात घालायची कॅमेऱ्याची दुर्बीण) ठोकळ्यापासून 5 सेंटीमीटरवरून 10 वर न्या. परत येणारा प्रकाश घटतो, पण गेन आपोआप वाढतो आणि ज्या खळग्यात चमकणारं काहीच नाही तोही हिरवट दिसू लागतो. तुमची तुलना याच चित्रावर चालते ना?

ओटी_सिस्टर
दुर्बिणीला प्रकाश पोचवणारी तंतूंची लाइट केबल आम्ही रोज बघतो. एक टोक उजेडाकडे धरलं की तुटलेले तंतू दुसऱ्या टोकाला काळे ठिपके दिसतात. आता फँटमही आमच्याच गळ्यात पडणार! दोन केसच्या मध्ये वेळ असतो कुठे?

मेडिकल_फिजिसिस्ट
सिस्टर, तुमची तपासणी मोलाची आहे, पण त्यात इन्फ्रारेडचं काही कळत नाही. जुने हॅलोजन दिवे चालू राहिले तर त्यांचा इन्फ्रारेडही चित्रात मिसळतो, हेसुद्धा फँटमवर लगेच दिसतं. एएपीएम या अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेच्या टास्क ग्रुप 311 चा अहवाल 2024 मध्ये आला, तो याच यंत्रांच्या चाचण्यांवर आहे. तरी दर महिन्याचा हट्ट मला नको वाटतो. मशीन घेताना, दुरुस्तीनंतर आणि वर्षातून एकदा, पण नीट करा.

लॅप_सर्जन
घेताना आणि दुरुस्तीनंतर, मान्य. पण फँटमच फिका पडला तर दोष कॅमेऱ्याला देणार का? तयार केलेलं आयसीजी तर 6 तासांत वापरावं लागतं.

मेडिकल_फिजिसिस्ट
म्हणूनच घन ठोकळ्यात टिकाऊ द्रव्य घालतात आणि तो अंधारात ठेवतात. तरीही तो अधूनमधून ताडून घ्यावा लागतोच, तुमची शंका रास्त आहे.

बायोमेडिकल_इंजिनिअर
मॅडम, वर्षातून एकदा पुरत नाही. केबल एका दिवसात जात नाही, तंतू थोडेथोडे तुटतात आणि गेन ती तूट झाकत राहतो. कंपनीला फोन जातो तो स्क्रीन काळी पडल्यावरच. वेळेचं म्हणाल तर सिस्टर, फँटम मी लावतो, पहिल्या केसच्या आधी. मला फक्त गेन लॉक करून, ठरलेल्या अंतरावरून एक फोटो हवा.