रियाधला आहे, इथली अस्सल कला कुठे पाहू?

निनाद_रियाध
कामानिमित्त रियाधला आलोय. जॅक्स भागातल्या ज्या गोदामांमध्ये २०२१ पासून दिरियाह बिएनाले हे कलाप्रदर्शन भरतं, तो परिसर हिंडून आलो. झकास आहे, पण हे सगळं अलीकडे पैसा ओतून उभं केलंय की याला काही मुळं आहेत? शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. संग्रहालयाबाहेरचं, जिवंत काही असेल तर सुचवा.

क्षकिरण
निनाद, सरळ असीर प्रांतातल्या अबहाचं विमान पकडा. मी शेजारच्या खमीस मुशैतला रुग्णालयात एक्स-रे काढते, म्हणून असीरबद्दल जरा पोटतिडकीनं लिहितेय.

असीर हा डोंगराळ, पावसाचा मुलूख. जुन्या मातीच्या घरांच्या भिंतींतून पातळ दगडी पाट्या बाहेर आलेल्या दिसतील. पावसानं माती धुपू नये म्हणून त्या बसवतात. खरा खजिना मात्र आत, पाहुण्यांच्या खोलीत असतो : अल-कत्त अल-असिरी. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी जपलेली ही भित्तिचित्रकला २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. माझ्या एका सहकारी मैत्रिणीच्या मावशीकडे मी ती होताना पाहिली. जिप्समचा पांढरा हात दिलेल्या भिंतीवर मावशींनी पट्टीबिट्टी न घेता काळ्या रेघा ओढल्या. मग रेघांमधल्या प्रत्येक कप्प्यात एकेक ठिपका दिला, इथे लाल, तिथे हिरवा. भाच्या आणि शेजारणी तो ठिपका बघून रंग भरत गेल्या. लहान पोरींनाही खालचा पट्टा मिळाला होता. वरच्या त्रिकोणांना मात्र मावशींशिवाय कुणी हात लावायचा नाही!

आता तुमचा मुळांचा प्रश्न. अबहात अल-मिफ्ताहा नावाचं कलाग्राम आहे. डॉक्टर असलेले अहमद मातेर आणि लष्करात अधिकारी राहिलेले, खमीसचेच अब्दुलनासेर घारेम तिथूनच पुढे आले. स्टीफन स्टेपलटन या ब्रिटिश कलाकाराबरोबर त्यांनी २००३ मध्ये 'एज ऑफ अरेबिया' हा कला-उपक्रम सुरू केला. तेव्हा देशात सिनेमागृहंही नव्हती, ती २०१८ मध्ये परत आली. मग ही कला पैशानं उगवली असं कसं म्हणायचं?

मातेर यांनी माणसाच्या एक्स-रेभोवती जुन्या हस्तलिखितासारखी नक्षी केली आहे. दिवसभर तशाच फिल्म बघणारी मी त्या चित्रापुढून हलेना. त्यांचं 'मॅग्नेटिझम'ही जरूर शोधून बघा. मधोमध काळं घनाकृती चुंबक आणि भोवती उभा राहिलेला लोखंडाचा कीस. मक्केतल्या काबाभोवतीची गर्दी दिसायला आणखी काही लागतच नाही.

समुद्रकाठ
जेद्दाला विसरू नका. १९७० च्या दशकात महापौर मोहम्मद सईद फारसी यांनी शहरभर शिल्पं उभारली. हेन्री मूर, मिरो, काल्डर यांची कामं कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, उघड्यावर बघायला मिळतात. माणसाची आकृती टाळून केलेली निवड आहे, ते ध्यानात ठेवून बघा. आणि चित्रकार सफेया बिनझगर! १९६८ मध्ये इथल्या मुलींच्या शाळेत त्यांनी मुनीरा मोसली यांच्यासह प्रदर्शन भरवलं होतं. हिजाझी (म्हणजे इथल्या पश्चिम भागातली) लग्नं, दागिने, पेहराव या बाईंनी कॅनव्हासवर उतरवून ठेवले म्हणून आज दिसतात तरी.

निनाद_रियाध
दोघांचेही आभार. अबहा पक्कं. आणखी एक, बाजारात सदू विणकामाचे लाल-काळे पट्टे दिसतात. हातमागाचे कसे ओळखायचे?

क्षकिरण
आधी उलटवून बघा. छापील असेल तर मागची बाजू फिकी निघते. बेदुईन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातींच्या, बायका जमिनीवर आडवा माग ताणून सदू विणतात, त्यामुळे पट्टा अरुंद निघतो. मोठं कापड हवं असेल तर असे पट्टे शेजारी-शेजारी शिवतात, म्हणून सांधा शोधा. सांधा नसलेला मोठा गालिचा मला तरी संशयास्पद वाटतो. हातही फिरवा. लोकर आणि उंटाचे केस किंचित टोचतात, ॲक्रिलिक गुळगुळीत लागतं. ॲक्रिलिकचा पट्टाही हातानं विणलेला असू शकतो, तेव्हा विणणारी बाई समोर बसली असेल तर तिच्याकडूनच घ्या.