सोलापूरच्या उन्हाला जाड ऑईल? टर्बो पेट्रोलवाल्यांनो, हा हट्ट सोडा

जुळे_सोलापूर (धागा सुरू करणारा)

एप्रिल लागला की आपल्याकडच्या गॅरेजांत एकच संवाद ऐकू येतो. "मालक, कंपनीचं ऑईल म्हणजे नुसतं पाणी. इथं पंचेचाळीस डिग्री, त्यात तुमची गाडी टर्बो. मी सांगतो ते जाड घाला." मालक मान डोलावतात आणि ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडच्या गाडीत १५डब्ल्यू-४० हे जाड ऑईल जातं. व्हेन्यू, फ्रॉन्क्स, टायगुन, नेक्सॉन अशा छोट्या टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) पेट्रोल गाड्या आता गल्लोगल्ली झाल्यात, तेव्हा यावर एकदा भांडूनच घेऊ.

माझं म्हणणं असं, की सोलापूरच्या उन्हाकडे बघून ग्रेड बदलू नका. आपल्या गाड्यांचं ऑईल उन्हापेक्षा छोट्या फेऱ्यांनी जास्त खराब होतं.

बाहेर ४४ असो की १४, थर्मोस्टॅट इंजिनाचं पाणी नव्वदीच्या आसपास धरून ठेवतो. ऑईलचा मागचा आकडा मुळातच १०० डिग्रीवर मोजून ठरवलेला असतो, त्यात तुमचा मे महिना आधीच धरलाय. पुढचा डब्ल्यूचा आकडा थंडीचा. ०डब्ल्यू उणे ४० ला पंपानं ओढलं जायला हवं, ५डब्ल्यू उणे ३५ ला, १५डब्ल्यू उणे २५ ला. गड्ड्याच्या यात्रेत आपण कानटोपी घालतो तेवढीच आपली थंडी. त्यामुळे शून्य की पाच यावर इथं डोकं फोडण्यात अर्थ नाही.

खरी भानगड आहे सात रस्ता ते जुळे सोलापूर या फेरीत. पाण्याचा काटा पाच मिनिटांत मध्यावर येतो, पण ऑईल तापायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. तोवर आपण घरी पोचलेलो असतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात थंड सिलिंडरच्या भिंतीवर बसलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि ऑईल नीट तापलंच नाही तर तिथंच राहतं. डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी बघायची पट्टी, काढून बघा. दोन सर्व्हिसिंगच्या मधे पातळी खाली जायच्या ऐवजी वर सरकली असेल आणि टोकाला नाक लावल्यावर पेट्रोलचा वास आला, तर उन्हाला दोष देऊ नका.

हायवे_४५

काय सांगलालाय भाऊ! थर्मोस्टॅट म्हणजे काय एसी आहे का? तो उघडतो आणि बंद होतो, थंड करायचं काम रेडिएटरचं. पाणी ९५ वर आणि बाहेर २५ असेल तर फरक ७० चा. मे महिन्यात दुपारी दोनला बाहेर ४४, म्हणजे फरक ५१. उष्णता बाहेर टाकायची ताकद पावपट कमी झाली की नाही? त्यात चार माणसं, डिकी फुल्ल, एसी फुल्ल, टेंभुर्णीच्या पुढे शंभरचा वेग. पाणी आटोक्यात राहील, ऑईल नाही राहत. ते ११०-१२० सहज गाठतं आणि टर्बोच्या बेअरिंगमध्ये त्याहून जास्त. तिथला शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो आणि त्याला आधार म्हणजे ऑईलचा एक पातळ पापुद्रा.

दुसरं असं, की पातळ ऑईल इंजिनाच्या मायेपोटी आलेलं नाही. सरकारचे मायलेजचे कॅफे नियम २०१७-१८ ला आले, २०२२-२३ ला आणखी कडक झाले. कंपनीला प्रत्येक थेंब वाचवायचाय. इंजिन पाच वर्षांनी कुरकुरलं तर ते तुमचं. माझी वॉरंटी संपली त्या सर्व्हिसिंगपासून गाडीत ५डब्ल्यू-४०. उन्हाळ्यात आवाज कमी, मनाला शांती.

जुळे_सोलापूर

रेडिएटरचा हिशेब मान्य. कॅफेचंही मान्य, मायलेजसाठीच ऑईल पातळ झालं. पण ते पातळ करताना कंपनीनं ऑईल पंप, बेअरिंगची फट, व्हॉल्व्ह टायमिंग मागंपुढं करणारी यंत्रणा, सगळं त्या ऑईलवर बेतलंय. ती टायमिंगची यंत्रणा ऑईलच्या दाबावरच चालते.

जाडी मोजायची तर ती मागच्या आकड्यावर संपत नाही. तापलेल्या, घासणाऱ्या बेअरिंगमध्ये ऑईल किती टिकतं हे १५० डिग्रीला वेगळं मोजतात, त्याला एचटीएचएस म्हणतात. २० च्या ग्रेडला किमान २.६ लागतं, ३० ला २.९, ५डब्ल्यू-४० ला ३.५. आता गंमत बघा: ५डब्ल्यू-३० मध्येच एसीईए या युरोपच्या गाडी कंपन्यांच्या संघटनेच्या सी३ दर्जाचं ऑईल घेतलं तर त्यालाही किमान ३.५ लागतं. म्हणजे तुम्हाला हवी ती ताकद काही ३० मध्येच मिळते. पुस्तकात ५डब्ल्यू-३० असेल आणि सी३ चालत असेल, तर ४० च्या मागे कशाला धावायचं?

हायवे_४५

पुस्तकात चालत असेल तर! अर्ध्या गाड्यांच्या पुस्तकात सी३ चा उल्लेखच नसतो. आणि काही पुस्तकांत एकच ग्रेड नसून तापमानाचा तक्ता असतो, त्यात ४० पण असतं. ते पान शोरूमवाला दाखवत नाही. आधी ते पान उघडा, मग मला हट्टी म्हणा.

पाना_नंबर_१३

दोघांचं चालू द्या, मी गॅरेजवाला. सगळ्या फिटरांना एकाच माळेत ओवू नका. गिऱ्हाईक येतं, ०डब्ल्यू-२० चा भाव ऐकतं आणि म्हणतं, "अण्णा, जरा बसवून द्या की." माझ्याकडं पिकअप आणि बोलेरोसाठी १५डब्ल्यू-४० चा बॅरल कायम उघडा असतो. त्यातलं साडेतीन-चार लिटर घातलं की त्याचे पैसे वाचतात. डिझेलच्या टर्बोला तेच ऑईल वर्षानुवर्षं चाललंय, एक टर्बो निकामी झाला नाही. मग पेट्रोलच्या टर्बोला काय सोनं लागलंय?

यंत्रमाग_ते_मोटार

अण्णा, टर्बोला चालेल, पिस्टनला चालणार नाही. या सगळ्या धाग्यात जाड-पातळच्या नादात मुद्द्याची गोष्ट राहिली ती ही.

छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाला, त्यातही डायरेक्ट इंजेक्शनच्या, एक खास रोग आहे: एलएसपीआय, म्हणजे लो-स्पीड प्री-इग्निशन. कमी आरपीएम आणि जास्त लोड असताना पिस्टन आणि भिंतीच्या फटीत साठलेला ऑईल-पेट्रोलचा थेंब उडतो आणि स्पार्क पडायच्या आधीच सिलिंडरमध्ये आग लागते. तुळजापूरचा घाट चौथ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर, अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून चढायचा आळस करतात ना, तिथं हे होतं. एकदा ठण्‌ वाजतं. ते वारंवार झालं की रिंगांमधली पिस्टनची कड तुटते. मग ऑईल पातळ होतं की जाड, हे कुणी विचारत नाही.

हा रोग वाढवणारा मोठा घटक म्हणजे ऑईलच्या साफ करणाऱ्या रसायनातलं कॅल्शियम. म्हणून नव्या पेट्रोल ऑईलमध्ये कॅल्शियम कमी करून त्याच्या जागी मॅग्नेशियम आणलं. ऑईलचे दर्जे ठरवणाऱ्या एपीआय या अमेरिकी संस्थेनं त्यासाठी २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हा दर्जा आणला. एसपीत टायमिंग चेनच्या झिजेची चाचणीसुद्धा आहे. नुसतं एसएन, म्हणजे २०१० चा दर्जा, त्यात एलएसपीआयची चाचणीच नव्हती. बॅरलमधलं तुमचं ऑईल डिझेलच्या काजळीसाठी केलेलं, त्यात असं कॅल्शियम सहसा भरपूर. नेक्सॉनच्या १.२ रेव्होट्रॉनमध्ये पेट्रोल पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरबाहेर हवेच्या वाटेत सोडतात, तिथं धोका कमी. व्हेन्यूचं एक लिटरचं टर्बो किंवा फ्रॉन्क्सचं बूस्टरजेट यांना ते बॅरल दाखवूसुद्धा नका.

पाना_नंबर_१३

हे कॅल्शियमचं आम्हाला कंपनीच्या ट्रेनिंगला कोण बोलवून सांगणार, साहेब? बॅरल बंद करतो टर्बो पेट्रोलला. पण मग भावाची कटकट गिऱ्हाइकानं माझ्याशी घालायची नाही, एवढं इथंच लिहून ठेवतो.

विजापूर_रोडची_ताई

माझी फ्रॉन्क्स टर्बो. मुलांची शाळा, भाजी, आईकडे, झालं. वर्षात पाच हजार किलोमीटरसुद्धा होत नाहीत. मला रसायनशास्त्र नको, दुकानात काय मागायचं तेवढं सांगा. आणि दहा हजार होत नाहीत तर दोन वर्षांनी बदललं तर चालेल ना?

जुळे_सोलापूर

ताई, दोन वर्षं अजिबात नाही. पुस्तकात "दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी" असं असतं, त्यातलं वर्ष तुमच्यासाठीच लिहिलंय. तुमच्यासारख्या वापराला मी तर सहा महिने म्हणेन. त्यात आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल उडायला ७८ डिग्री लागतात, तीन किलोमीटरच्या फेरीत तुमचं ऑईल तिथवर पोचतच नाही.

दुकानात ब्रँडचं नाव नंतर घ्या. आधी पुस्तकातला ग्रेड, मग डब्याच्या मागे बारीक अक्षरात एपीआय एसपी किंवा त्यापुढचं. फोक्सवॅगन-स्कोडा असती तर त्यांचा मंजुरी क्रमांकही लागला असता, ५०४ ०० किंवा ५०८ ००, जो पुस्तकात असेल तोच. ५०८ चं ०डब्ल्यू-२० त्यांच्याच जुन्या इंजिनांना चालत नाही, म्हणजे "पातळ ते सगळ्यांना चांगलं" असंही मी म्हणत नाहीये.

हायवे_४५

ताई, सहा महिन्यांचं ऐकू नका, खिशाला भोक पडेल. २०२० मध्ये प्रदूषणाचा बीएस-सहा नियम आला तेव्हा पेट्रोलमधलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर आलं. ऑईलमध्ये आम्ल व्हायचं एक जुनं कारण त्यानं बरंच कमी झालं. वर्षाला एकदा बदला आणि दर रविवारी गाडी अक्कलकोटला न्या. स्वामींचं दर्शन होईल, ऑईलमधलं पेट्रोलही उडेल.

जुळे_सोलापूर

अक्कलकोटला माझी हरकत नाही! चाळीस किलोमीटर एका दमात गेल्यावर ऑईल खरंच तापतं. पण दर रविवारी कुणी जात नाही, काका. तुम्ही सांगता गंधकाचं, ताईंच्या गाडीचा त्रास थंड ऑईलमध्ये न उडता राहिलेल्या पेट्रोल आणि पाण्याचा. दोन वेगळी दुखणी.

विजापूर_रोडची_ताई

मी वर्षानंच बदलणार, पण डिपस्टिक महिन्याला बघणार. पातळी वर गेली तर आधी. अक्कलकोट जमेल तसं.

यंत्रमाग_ते_मोटार

चालेल. बघताना गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. उतारावर बघितलेली पातळी धरू नका. आणि ऑईल बदलताना समोर उभ्या राहा: सील तुमच्या देखत तुटलं पाहिजे, फिल्टर नवा पडला पाहिजे. रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडू नका, भोक पाडून मगच भंगारात द्या. नाहीतर त्याच डब्यात कुणीतरी भलतंच भरून पुढच्या गिऱ्हाइकाला विकतो.

हायवे_४५

हे भोक पाडायचं मान्य. माझं ५डब्ल्यू-४० मात्र कायम. फक्त परवा डबा बघितला तर मागे नुसतं एसएन. पुढच्या वेळी एसपीचं ५डब्ल्यू-४० घेईन, अण्णा, मागवून ठेवा.

पाना_नंबर_१३

गुरुवारी या. सकाळी नको, सकाळी दोन पिकअप उभ्या आहेत.